पिक लाइन लावून घरी सोडायचं की नाही?

सुईने नशा करणाऱ्याच्या रक्तात स्टॅफ ऑरियस हा जंतू शिरला की तो बऱ्याचदा हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेवर नाहीतर मणक्यात जाऊन बसतो. मग शिरेतून अँटिबायोटिक, बहुतेकदा चार ते सहा आठवडे. दुसरा कुणी रुग्ण असता तर ताप उतरल्यावर दंडात पिक लाइन (दंडातल्या शिरेतून हृदयाजवळ पोचणारी लांब नळी) घालून त्याला घरी पाठवलं असतं. शिरेतून घरीच औषध देण्याची ही पद्धत अमेरिकेत १९७४ पासून नोंदलेली आहे. नशेचा इतिहास असला मात्र तिथली बरीच रुग्णालयं पूर्ण सहा आठवडे वॉर्डातच ठेवू पाहतात. भीती एकच: त्याच लाइनमधून नशा करेल. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत या प्रश्नावर शिफारसच केली नाही, रुग्ण पाहून ठरवा म्हटलं.

सिंगापूरच्या एका सेवेने अशा २९ रुग्णांना पिक लाइन लावून घरी सोडलं आणि २०१०मध्ये अनुभव छापला. लाइनच्या तोंडाला छेडछाड केली की कळेल असं सील होतं, आणि लाइनचा गैरवापर आढळला नाही. आकडा लहान आहे, रुग्णही निवडलेले होते. सील लावायला हरकत नाही, पण त्याने रुग्णापेक्षा रुग्णालयच जास्त निर्धास्त होतं. उपचार मध्येच तुटतात ते बहुतेक वेळा टर्कीमुळे, म्हणजे नशा तुटल्यावर होणाऱ्या त्रासामुळे. घाम, उलट्या, हाडं फोडणारी दुखी. त्यावर औषध मिळालं नाही की माणूस तिसऱ्या दिवशी सही करून निघून जातो आणि अँटिबायोटिक तिथेच थांबतं.

म्हणून ओपिऑइड (हेरॉइनसारखी अफूच्या जातीची नशा) घेणाऱ्याच्या बाबतीत पहिलं औषध म्हणजे टर्की आवरणारं मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, अँटिबायोटिकच्या बरोबरीने. मेथाडोन साधारण २० ते ३० मिलिग्रॅमपासून सुरू करून बेताने वाढवतात. फेंटानिल हे फार तीव्र ओपिऑइड घेणाऱ्याला ब्युप्रेनॉर्फिन घाईने दिलं तर टर्की उलट उसळते, म्हणून तिथे अगदी छोट्या डोसने चढत जातात. इथे एक सापळा आहे, तो रिफॅम्पिसिन या अँटिबायोटिकचा. कृत्रिम झडप असली की ते जोडतात, पण यकृतातली एन्झाइम्स वाढवून ते मेथाडोन भराभर संपवतं. परिणाम आठवडाभराने दिसतो, तोवर रुग्ण घरी गेलेला. डोस तोच, गोळी रोज घेतोय, तरी टर्की. त्याला ‘परत सुरू केलं वाटतं’ असं म्हणण्याआधी औषधांची यादी वाचावी.

अँटिबायोटिक निवडताना जंतूइतकंच दिवसातून किती वेळा द्यायचं हेही पाहावं लागतं. सेफॅझोलिन दर आठ तासांनी दोन ग्रॅम. घरी द्यायचं तर सहा ग्रॅम चोवीस तासांच्या फुग्यासारख्या पंपात भरून. तयार पंप ठेवायला फ्रिज हवा, आणि रस्त्यावर झोपणाऱ्याकडे फ्रिज नसतो. व्हँकोमायसिनला दिवसाला सहसा दोन डोस, शिवाय रक्तातली औषधाची पातळी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन यांच्या तपासण्या. डॅप्टोमायसिन दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत देता येतं. दर आठवड्याला सीपीके, म्हणजे स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी, बघायची. न्यूमोनियावर ते चालत नाही, कारण फुप्फुसातला सर्फॅक्टंट नावाचा पातळ थर त्याला निकामी करतो.

डाल्बाव्हॅन्सिन या शरीरात खूप दिवस टिकणाऱ्या अँटिबायोटिकने हे गणितच बदललं. १५०० मिलिग्रॅम आज, १५०० आठव्या दिवशी, हातातल्या साध्या कॅन्युलातून अर्ध्या तासात. लाइन मागे राहतच नाही. ५०० मिलिग्रॅमच्या प्रत्येक व्हायलमध्ये २५ मिली स्टराइल वॉटर घालून हलकेच फिरवायचं. जोरात हलवलं तर फेस होतो. पुढे ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, १ ते ५ मिलिग्रॅम प्रति मिली. सलाइनमध्ये साका बसू शकतो, आणि नर्सचा हात सवयीने सलाइनच्या फ्लशकडे (नळी धुऊन घेण्याकडे) जातो. इथे फ्लशही डेक्स्ट्रोजचाच. घाईने सोडलं तर चेहरा-मान लाल होऊन खाज सुटते. २०२५मध्ये छापलेल्या २०० रुग्णांच्या चाचणीत हे दोन डोस नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले नाहीत, पण जंतुसंसर्ग बरा करण्यात कमीही पडले नाहीत. त्यात रक्तातले जंतू आधी साफ झालेलेच रुग्ण होते आणि हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपांना संसर्ग झालेले रुग्ण वगळले होते, हे विसरून ते पहिल्या दिवशीच टोचणं चूक.

पिक लाइन लावलीच तर फ्लश १० मिलीच्या सिरिंजनेच. छोट्या सिरिंजचा दाब जास्त, कॅथेटर फाटू शकतो. टोपी अल्कोहोलने १५ सेकंद घासायची, पारदर्शक ड्रेसिंग दर सात दिवसांनी. दंड सुजला तर गुठळीसाठी सोनोग्राफी. फ्लशनंतर हुडहुडी भरली तर लाइनमधून आणि दुसऱ्या हातातून रक्त घेऊन कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी). शेवटच्या डोसच्या दिवशीच लाइन काढायची, ‘पुढच्या आठवड्यात या’ नको.

आणि तो यायचा बंद झाला तर काय, हे सोडण्याआधीच लिहून ठेवायचं. २०१९च्या दोन मोठ्या चाचण्यांनी तोंडी औषधांना बळ दिलंय: ब्रिटनमध्ये हाडा-सांध्यांचे १०५४ रुग्ण, डेन्मार्कमध्ये डाव्या झडपांचे ४००. दुसरीत सुईने नशा करणारे फक्त पाच होते, पण निम्म्यावर सुटलेल्या उपचारापेक्षा गोळ्या केव्हाही बऱ्या. लिनेझोलिडची ६०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा दिली तर दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). प्लेटलेट दोन आठवड्यांनंतर घसरू लागतात.

राहायला जागाच नसेल तर कॅनडातल्या व्हँकूवरने केलं तसं, नर्स असलेल्या निवासी जागेत शिरेतून औषध देता येतं. आपल्याकडे नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) ओएसटी केंद्रांत, म्हणजे नशेऐवजी औषध देणाऱ्या केंद्रांत, ब्युप्रेनॉर्फिन घ्यायला बरेच जण रोज येतात. दिवसातून एकदाचं इंजेक्शन तिथे जोडायचं तर एक प्रशिक्षित नर्स, इमर्जन्सी ट्रे आणि जवळच्या रुग्णालयाशी पक्की बांधणी लागेल.