रॅम्पच्या कडेचा उजेड

आमच्या फॅशन डिझाइन विभागाचा वार्षिक शो कॉलेजच्या मैदानावर होतो. विद्यार्थिनी होते तेव्हा आणि आता माजी विद्यार्थिनी म्हणूनही मी असते लाइटच्या टेबलापाशीच. दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगतं रीतीप्रमाणे पार पडतात. माझा जीव अडकलेला असतो त्यानंतरच्या शोमध्ये.

शो छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे एक फेरी हिमरू या इथल्या विणलेल्या कापडाची आणि एक पैठणीची असणारच. सुती ताणा म्हणजे उभे धागे आणि रेशमी बाणा म्हणजे आडवे धागे, यांवर उमटलेली हिमरूची वेलबुट्टी समोरच्या झगझगाटात पार सपाट दिसते. म्हणून आम्ही रॅम्पच्या दोन्ही अंगांना कमरेइतक्या उंचीच्या स्टँडवर लाइट लावतो. उजेड आडवा आला की वीण उठून येते. धूपछांव पैठणीचं तर विचारूच नका. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. मुलगी वळली की निऱ्यांचा रंग पालटतो. फोटोग्राफर दरवर्षी चेहऱ्यावर उजेड मागतात. थोडा देतो, पण पहिला मान कापडाचा.

हजार वॅटचे जुने हॅलोजन पार भट्टीसारखे तापायचे, पण त्यांच्या पिवळसर उजेडात पैठणीची जर खुलायची. स्वस्तातल्या एलईडीखाली तीच जर हिरवट दिसते. पैठणीच्या फेरीसाठी मोजके हॅलोजन आम्ही अजून भाड्याने आणतोच.

सेटचं भलं केलं ते 2018 च्या थर्माकोलबंदीने. त्याआधी पांढऱ्या कमानी उभ्या राहायच्या आणि उजेड परत फेकायच्या. मग पोरांनी बांबू आणि गोणपाट आणलं. गोणपाट उजेड पिऊन टाकतं, त्यामुळे नजर कपड्यांवरच राहते.

शेवटी पडद्यामागच्यांना रॅम्पवर बोलावतात आणि त्यांच्यातलं कुणीतरी बोलतं. डिझायनरांची भाषणं पाठ केलेली असतात, यांची नसतात. एकदा पहिल्या वर्षाची एक मुलगी माइक धरून म्हणाली, ‘‘आई, तू मला शोधत होतीस ना? मी त्या डाव्या स्टँडमागे होते. हिमरूला तो निळा मी दिला.’’ मला तेव्हाही भरून आलं आणि लिहितानाही येतंय. पण हे ऐकायला थांबतं कोण? निकाल लागला की अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. आमचे माजी विद्यार्थीसुद्धा ओळखीच्या मुलीची फेरी बघून पार्किंगकडे वळतात. हे मला लागतं.

रॅम्पचं प्लायवूड ठोकणारे सुतारकाका, मांडववाले चाचा, उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरपाशी बसून आम्हाला शिकवणारे लाइटवाले मामा, इस्त्रीवाले दादा, ऐन वेळी हूक टाचणाऱ्या शिलाईवर्गाच्या मावशी, चहा पुरवणारा कँटीनचा मुलगा आणि जनरेटरजवळ जागणारे शिपाईकाका, यांच्याशिवाय शो उभाच राहत नाही. आणि हो, सेट उतरवायला थांबणारी वसतिगृहातली मुलं! त्यांचं रात्रीचं जेवण मेसमध्ये झाकून ठेवणाऱ्या काकूंनाही मी विसरलेले नाही.