दीड इंची पाइपातला सायफन

इंदिरानगरमधल्या एका घरून सकाळीच फोन आला. हॉलभर पाणी, माशांच्या टाकीखालचा संप, म्हणजे खालची छोटी टाकी, रिकामा आणि त्यातलं पाणी वर चढवणारा पंप कोरडाच घरघरतोय. रात्री लाइट जाऊन आली होती. टाकी चार बाय दीड बाय दीड फुटांची, आत मासे. भरल्या टाकीच्या काचेला भोक पाडता येत नाही, म्हणून टाकीतलं पाणी संपात उतरवायला कुणीतरी काठावरून दीड इंची पीव्हीसीचा सायफन, म्हणजे काठ ओलांडून पाणी आपोआप खाली ओढणारा वाकडा पाइप, टाकून दिलेला.

"अहो, पाइप तर एवढा जाड आहे, मग पाणी उतरलं कसं नाही?" काकांनी विचारलं.

गोम त्या जाडीतच होती. पंपाच्या खोक्यावर तासाला 2000 लिटर लिहिलेलं, पण तो आकडा पाणी वर चढवायचं नसतानाचा. वरच्या तोंडाशी बादली धरली, तर 10 लिटर भरायला 32 सेकंद लागले, म्हणजे तासाला 1125 लिटर. एवढं पाणी दीड इंचीतून सेकंदाला 28 सेंटिमीटरनेच सरकतं. बुडबुडे वाहून जात नाहीत, वळणाच्या माथ्याशी साठतात. त्यात लाइट गेली की प्रवाह थांबतो, आणि साठलेली हवा पुरेशी झाली की लाइट आल्यावर सायफन पुन्हा धरत नाही. पंप मात्र उपसत राहतो. एक इंचीत तोच वेग 60च्या पुढे जातो आणि हवा पाण्याबरोबर निघून जाते.

सिडकोतून एक इंची पाइप, एल्बो आणि टी (तीन तोंडांचा जोड) आणून नवा सायफन जोडला. आत आणि बाहेर दोन्हीकडे 10 सेंटिमीटर खोल वळण ठेवलं, म्हणजे लाइट गेली तरी त्यात पाणी अडून राहतं. बाहेरच्या टीची पातळी आतल्या तोंडापेक्षा 1 सेंटिमीटर खाली. टीचं वरचं तोंड उघडंच हवं. ते बंद केलं, तर खाली जाणारा पाइप वळणातलं पाणी ओढून घेतो. माथ्याच्या जोडांना सोल्व्हंट (पीव्हीसी चिकटवायचं द्रावण) भरपूर लावलं. तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे जोड कच्चा असेल तर पाणी गळत नाही, हवा आत शिरते, आणि फरशी कोरडी असल्याने कुणाला कळत नाही. माथ्यावरून बारीक नळी काढून टाकीतल्या पॉवरहेडच्या (पाण्यात बुडवलेल्या छोट्या पंपाच्या) हवेच्या तोंडाला जोडली, म्हणजे माथ्याशी साठलेली हवा तो ओढून घेतो. जुन्या सायफनला ही नळीच नव्हती. जोड वाळेपर्यंत मासे एअर पंपावर.

मग पंपाकडे वळलो. संपात 1 सेंटिमीटर उंचीचं पाणी म्हणजे सव्वादोन लिटर, टाकीत साडेपाच. टाकीच्या काठाशी 3 सेंटिमीटर मोकळे, म्हणजे साडेसोळा लिटरची जागा. पंप स्टँडवर चढवून त्याच्या तोंडावर 6 सेंटिमीटरच पाणी ठेवलं, म्हणजे सायफन बंद पडला तरी तो साडेतेरा लिटरच वर चढवेल. पंपाचं पाणी टाकीत सोडणाऱ्या परतीच्या पाइपाचं तोंड 5 सेंटिमीटर बुडालेलं होतं, ते 1 वर आणलं. नाहीतर लाइट गेल्यावर त्याच पाइपाने साडेसत्तावीस लिटर उलटं खाली येऊन संप भरून वाहिला असता.

संध्याकाळी पंप बंद-चालू करून पाहिला, सायफन दर वेळी धरला. मग मुद्दाम माथ्यावरची नळी उपटली. टाकीतलं पाणी चढत चढत काठाच्या अर्धा सेंटिमीटर खाली थांबलं आणि पंपाने हवा ओढायला सुरुवात केली. लगेच पंप बंद केला, नळी जोडली.

आता काकांकडे दोन कामं. उडून गेलेलं पाणी रोज संपात घालायचं, आणि दर आठवड्याला ती बारीक नळी काढून फुंकून बघायची. लहान गोगलगायी नेमक्या तिच्यातच शिरतात.