लांछन: अस्पष्ट

मूर्तींची नोंद करायचा आमचा एक छापील तक्ता असतो. मापं, आसन, परिकर म्हणजे मूर्तीभोवतीचं कोरीवकाम, झीज, आणि शेवटून दुसरा रकाना ‘लांछन’, म्हणजे तीर्थंकराची ओळखखूण. टंकाईच्या तिसऱ्या लेण्यात या एका रकान्यानं माझे दोन दिवस खाल्ले, आणि तिसऱ्या दिवशी अंगात सात काटे मोडले.

अंकाई-टंकाई हा मनमाडजवळचा जोडकिल्ला. येवला तालुक्यात दोन डोंगर शेजारी शेजारी उभे, मधे खिंड. ट्रेकर मंडळींना ओढ अंकाईची, वरच्या अगस्ती ऋषींच्या गुहेची. वाटेत टंकाईच्या पोटातल्या जैन लेण्यांत दहा मिनिटं सावलीला टेकायचं, पाणी प्यायचं आणि चालू लागायचं. सुट्टीचा वार सोडला तर इथे आवाज फक्त खालच्या रेल्वेगाड्यांचा.

ही लेणी अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासची. वेरूळच्या जैन लेण्यांनंतरची म्हणून नक्षीची हौस दांडगी. दाराच्या चौकटी पाहिल्या की एखादं यादवकालीन देऊळच डोंगरात ढकलून बसवलंय असं वाटतं. तिसऱ्या लेण्याच्या पुढच्या दालनात एका टोकाला हत्तीवरचा यक्ष, दुसऱ्या टोकाला सिंहवाहिनी अंबिका, वर आंब्याची डहाळी. जुन्या इंग्रज अभ्यासकांनी हत्ती दिसला की इंद्र लिहून टाकलं. वेरूळच्या ‘इंद्रसभा’ या जैन लेण्याचं नावही त्याच गोंधळातलं. या घाईचा मला फार राग. दुसऱ्याची घाई असली की राग सोपा असतो.

कारण आतल्या दालनात माझीच परीक्षा होती. गर्भगृहाकडे जाताना मागच्या भिंतीवर दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे दोन तीर्थंकर कायोत्सर्गात, म्हणजे हात सरळ खाली सोडून ध्यानात, उभे आहेत. उजवीकडचे पार्श्वनाथ, डोक्यावर नागफणा, प्रश्नच नाही. डावीकडच्यांच्या छातीवर शंकरपाळ्यासारखं श्रीवत्साचं चिन्ह, पण ते काही एकाच तीर्थंकराचं नसतं. चोवीस जणांची अंगलट एकच. ऋषभनाथांच्या खांद्यावरच्या बटा आणि पार्श्व-सुपार्श्वांच्या फणा सोडल्या, तर माणूस ओळखायचा तो पायाखालच्या पीठावरच्या प्राण्यावरून. बैल तर ऋषभनाथ, सिंह तर महावीर.

फर्ग्युसन-बर्जेस या ब्रिटिश अभ्यासकांच्या लेण्यांवरच्या १८८० सालच्या ग्रंथात हे शांतिनाथ, लांछन हरीण, असं स्वच्छ छापलेलं आहे. आणि मला पीठावर हरीण काही केल्या दिसेना! काजळी, तेलाचे ओघळ, वटवाघळांची घाण आणि त्याखाली एक उंचवटा. आम्ही हात लावत नाही, घासत-पुसत तर नाहीच. संरक्षित स्मारक आहे. दिवे उजवीकडून लावले, डावीकडून लावले. उंचवटा तो उंचवटाच.

“लिहून टाक ना हरीण. पुस्तकात आहे, सगळ्यांना माहितीये,” आमचा फोटोग्राफर वैतागून म्हणाला.

“मला दिसलं नाही तर मी कसं लिहू?”

“मग लिही अस्पष्ट, आणि जेवायला चल.”

मी ‘अस्पष्ट’ लिहिलं. जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या दर्शनी भागाची उंची मोजायची राहिली होती. कड्याच्या कपारीला आग्या मोहोळ लटकलंय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रोज त्याच्याकडे बघून आम्ही हळू बोलायचो. तरीही त्या दिवशी मोजपट्टीचा लांब दांडा मी उभा केला तो बेफिकिरीनं, आणि त्याचं टोक नको तिथे घासलं. दोष संपूर्ण माझा.

आधी आवाज आला. पाऊस सुरू होताना पत्र्यावर येतो तसा. मग मानेवर निखारा.

खालच्या उतारावर शेळ्या चारणारे एक मामा होते, दोन दिवसांत ओळख झालेली. ते ओरडले, “पळू नका! आत घुसा! अंधारात!” आम्ही वाकून दालनात शिरलो. मामाही मागोमाग आले, घोंगडी आमच्या डोक्यांवर टाकली आणि म्हणाले, “आता दगड व्हा.”

झालो. मारायला हात उचलायचा नाही, चिरडलेल्या माशीच्या वासानं बाकीच्या येतात. काटा चिमटीत धरून उपटायचा नाही, नखानं खरवडून काढायचा. हे सगळं मामा कुजबुजत सांगत होते आणि माझ्या उजव्या हाताचा अंगठा भेंडीचा सुजून वांग्याएवढा होत होता. दोन मान, एक कान, तीन पाठ आणि तो अंगठा. फोटोग्राफरला एकही नाही. तो अजून याचा उल्लेख करतो.

तासभर तरी गेला असेल. डोक्याला बांधायची बॅटरी पळापळीत माझ्या हातातून सुटली होती आणि घरंगळत डाव्या भिंतीच्या बुडाशी जाऊन थांबली होती, चालूच. घोंगडीच्या फटीतून मी तिच्याकडे नुसता बघत होतो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. उजेड जमिनीवरून भिंतीला घासत वर चढत होता. त्या उजेडात पीठावर चार पाय उमटले. मग पोटाची रेघ, मग मागे वळलेली मान.

मूर्ती पुरुषभर उंच म्हणून मी दोन दिवस सगळे दिवे उंच स्टँडवरून लावले होते. लांछन गुडघ्याखाली असतं. एकदाही मी खाली बसलो नव्हतो.

“मामा,” मी घोंगडीतूनच म्हणालो, “हरीण!”

मामांनी मान न हलवता डोळे फिरवले. “ते व्हय? ती शेळी हाय.”

“शेळी?”

“पोरपणी इथं सावलीला बसायचो आम्ही. जमिनीवर लवंडलं की दिसती. आम्ही शेळीच म्हणतो.”

हसावं की काय करावं कळेना. कारण शेळी हे उत्तर वेडगळ नाही. सोळावे शांतिनाथ, त्यांचं हरीण. सतरावे कुंथुनाथ, त्यांचं लांछन बकरा. जन्मभर शेळ्या राखलेला माणूस शेळी म्हणतोय आणि मी पुस्तक वाचून हरीण म्हणतोय. मला तो प्राणी दिसायच्या आधीच हरीण ठरलेला होता, हेही खरंच.

गुणगुण थांबल्यावर मामा आधी बाहेर डोकावून आले. मी तसाच जमिनीवर आडवा झालो आणि फोटोग्राफरला बॅटरी एकेक वीत सरकवायला लावून आठ बाजूंनी फोटो काढून घेतले. मान लांब, पाय बारीक, बांधा हलका. हनुवटीखाली दाढी शोधली, नाही सापडली. शिंगांच्या जागी दगडाचा टवका उडालेला.

“दाढी नाही मामा,” मी म्हणालो.

“शेळीला कुठं लागती दाढी? बोकडाला असती.”

संध्याकाळी अंकाई स्टेशनच्या बाकावर बसून तक्ता पुरा केला. सुजलेल्या अंगठ्यानं अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं. ‘अस्पष्ट’ खोडलं, ‘हरीण’ लिहिलं. गाडीला वेळ होता. मग पेन्सिल काढली आणि पुढे एक बारीक प्रश्नचिन्ह टाकलं.