गाडीवरचा पाच नंबर कुणाचा?

माझ्या गाडीच्या मागच्या बाजूला निळ्या-लाल पट्ट्यांवर ५ हा आकडा चिकटवलाय. पेट्रोल पंपावर, चहाच्या गाड्यावर, सकाळी पोरांच्या सरावाला गेलो की मैदानावर, कुणी ना कुणी विचारतंच. शेजारच्या काकांची खात्री आहे की मला कुठल्या तरी ज्योतिषानं सांगितलंय. फुटबॉल बघणाऱ्यांना पट्टे ओळखू येतात, त्यांचा प्रश्न जरा वेगळा असतो. बार्सिलोना ना? मग दहा नंबर का नाही? मेसी सोडून हा कोण?

कार्लेस पुयोल, बार्सिलोनाचा एकेकाळचा कॅप्टन. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी कोल्हापूरचा. वर्ल्ड कप आला की आमच्याकडे पेठापेठांत मेसी-रोनाल्डोचे दोन मजली फलक लागतात. बॅकचा, म्हणजे गोल वाचवायला मागं खेळणाऱ्याचा, फलक कुणी लावलेला मी अजून बघितलेला नाही. मी स्वतः दहाएक वर्षं स्टॉपर खेळलो, त्यातली निम्मी बाकावर बसून. स्टॉपर म्हणजे थांबवणारा. गोल अडवला तर ते कामच होतं, चुकला तर सगळं गाव नावानं ओळखतं. त्यामुळं टीव्हीवर माझी नजर चेंडू असलेल्या खेळाडूकडं जायच्या आधी त्याला अडवणाऱ्याकडं जाते.

पुयोल पिरेनीजच्या पायथ्याच्या ला पोब्ला दे सेगुर या गावचा, जन्म १९७८. लहानपणी गोलकीपर, मग फॉरवर्ड. बार्सिलोनाच्या अकादमीत, ला मासियात, आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. तिथल्या मानानं हे वय उशिराचंच. तिथं त्याला मागं मागं सरकवत शेवटी बॅक केलं. उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे स्टॉपरला बेताचीच. पायात नजाकत नाही. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये कोच व्हान गालनं त्याला पहिल्या संघात उतरवलं.

वर्षभरानं, २१ ऑक्टोबर २००० ला, लुईस फिगो रिअल माद्रिदचा शर्ट घालून बार्सिलोनात परत आला. कालपर्यंत डोक्यावर घेतलेला माणूस शत्रूकडं गेलेला, स्टेडियम नुसतं शिट्ट्यांनी फाटत होतं. त्याच्यावर सोडला कोणाला, तर बावीस वर्षांच्या पुयोलला. हा पूर्ण सामनाभर फिगोच्या अंगाला चिकटून राहिला. बार्सिलोना २-० जिंकली.

दोन वर्षांनी लोकोमोटिव मॉस्कोविरुद्ध गोलकीपर चकलेला, जाळी मोकळी, आणि पुयोल गोललाइनजवळ छाती काढून उभा. चेंडू बसला तो शर्टावरच्या क्लबच्या चिन्हावर. सिनेमात दाखवलं असतं तर मी हसलो असतो.

आता लोक सांगतात ती गोष्ट: ७ जुलै २०१०, डर्बन, वर्ल्ड कप उपांत्य सामना, समोर जर्मनी. आपल्याकडं मध्यरात्र उलटून दीड वाजला असेल. ७३ व्या मिनिटाला झावीनं कॉर्नर घेतला आणि मागून कुणीतरी धावत आलं, केस उडवत. त्याचा जोडीदार बॅक पिकेही उडी मारायच्या बेतात होता, पण त्याच्या आधी पुयोल हवेत होता आणि हेडर आत. १-० वर स्पेन फायनलला. मी इतक्या जोरात ओरडलो की घरात चोर शिरला असं समजून आई उठून आली. (त्या सामन्यानंतर स्पेनच्या राणी सोफिया अभिनंदनाला ड्रेसिंग रूममध्ये गेल्या, तर पुयोल नुसत्या टॉवेलवर समोर आला.) फोटो त्या हेडरचा लागतो. पण त्या वर्ल्ड कपमध्ये स्पेननं सात सामन्यांत फक्त दोन गोल खाल्ले, बाद फेरीत एकही नाही. त्याचा फलक कसा लावणार?

पण माझ्या गाडीवर आकडा आला तो याच्यामुळं नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये बार्सिलोनानं रायो व्हायकानोला त्यांच्याच मैदानावर सात गोल मारले. एका गोलनंतर बार्सिलोनाचेच थियागो आणि दानी आल्वेस नाचायला लागले. पुयोल तिकडून तरातरा आला आणि दोघांना धरून बाजूला केलं. समोरचा संघ हरलाय, त्याच्यासमोर कसला नाच? समोरच्याला थांबवणं शिकवता येतं, मीही पोरांना शिकवतो. आपल्याच माणसाला भर आनंदात थांबवायचं कसं, ते मला तरी जमलेलं नाही.

त्याच्या आधीच्या वर्षी वेंब्लीवर चॅम्पियन्स लीगची फायनल झाली. दुखापतीतून उठलेला पुयोल शेवटच्या दोन मिनिटांसाठी उतरला. कप उचलायची वेळ आली तेव्हा कॅप्टनचा पट्टा त्यानं संघातल्याच एरिक अबिदालच्या दंडाला बांधला. अबिदालच्या यकृतातली गाठ काढून तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. कप अबिदालनं उचलला.

मग शरीर बोलायला लागलं. लिस्बनमध्ये कोपर निखळलं, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्या, २०१२ चा युरो हुकला. २०१३ मध्ये स्पेनसाठी शंभरावा सामना खेळला, तोच शेवटचा. बार्सिलोनाशी करार २०१६ पर्यंत होता. बाकावर बसून पगार घेता आला असता, आणि कुणी एक शब्द बोललं नसतं. त्यानं मार्च २०१४ मध्ये सांगितलं, या मोसमानंतर मी जातो. मला हवा तसा खेळ आता होत नाही. क्लबसाठी ५९३ सामने, आणि मग स्वतःलाच थांबवलं. मी बाकावर बसून निम्मी वर्षं काढलेला माणूस, मला ते जरा जास्तच लागलं.

मेसी आवडतोच हो. पण स्टिकरच्या दुकानात दहा आणि सात तयार मिळतात. पाच मला कापून घ्यावा लागला.