बदली खेळाडू

शनिवार, २७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगला जोडून आलेला शनिवार, त्यामुळे वॉकिगनहून शिकागोला जाणारी गाडी जवळजवळ रिकामी. ग्रेट लेक्स स्टेशनवर मात्र नेहमीसारखी पोरं चढली. नौदलाची, तिथल्या तळावरच्या बूट कॅम्पमधून, म्हणजे भरतीनंतरच्या पहिल्या प्रशिक्षणातून, नुकतीच सुटलेली. काळपट निळा गणवेश, पांढरी वाटोळी टोपी, बूट इतके चकचकीत की डब्यातले दिवे त्यात दिसावेत. त्यातला एक समोर येऊन बसला. कॉलर टोचत असावी, सारखा मान फिरवत होता. "सर, ही शिकागोलाच जाते ना?" मला सर म्हणणारं ऑफिसात कुणी नाही, घरात तर नाहीच.

आज तारीख आणि वार दोन्ही जुळलेत म्हणून लिहून ठेवतो. २७ नोव्हेंबर १९४३, तोही शनिवारच, दुसरं महायुद्ध चालू. याच तळाच्या फुटबॉल संघाने, 'ब्लूजॅकेट्स'नी, नोटर डेम विद्यापीठाला हरवलं होतं. (फुटबॉल म्हणजे इथला, हातात धरून पळायचा. पहिली दोन वर्षं मला तो नुसती धक्काबुक्कीच वाटायचा.) नोटर डेमने तोवर नऊच्या नऊ सामने जिंकलेले. या सामन्यातही शेवटच्या मिनिटाच्या तोंडावर ते १४-१२ असे पुढे गेले. मग ब्लूजॅकेट्सच्या स्टीव्ह लॅकने लांब पास फेकला, पॉल अँडरसनने तो घेऊन टचडाउन केलं (चेंडू समोरच्याच्या हद्दरेषेपलीकडे नेला की गुण), तेव्हा घड्याळात ३३ सेकंद उरले होते. १९-१४. एवढं होऊनही राष्ट्रीय विजेतेपद नोटर डेमलाच गेलं. दुसरा क्रमांक आयोवा प्री-फ्लाइटचा, म्हणजे नौदलाच्याच दुसऱ्या एका प्रशिक्षण तळाचा. त्यांना नोटर डेमने आदल्याच शनिवारी १४-१३ असं एका गुणाने हरवलं होतं. ब्लूजॅकेट्स बारापैकी दहा जिंकूनही सहावे.

पण मला त्या निकालापेक्षा त्या मोसमाची भानगडच जास्त आवडते. संघ कोण निवडत होतं? प्रशिक्षक टोनी हिंकल, पण तोही गणवेशातच, आणि एरवी बास्केटबॉलसाठी ओळखला जाणारा. खेळाडू त्याला मिळत ते नौदल पाठवील तसे. कॉलेजांची तर त्याहून पंचाईत. युद्धामुळे लष्कर आणि नौदल दोघांचेही प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम कॉलेजांतच चालत. लष्कर आपल्या प्रशिक्षणार्थींना कॉलेजच्या संघातून खेळू देत नव्हतं, नौदल देत होतं. त्यामुळे जिथे लष्कराचा अभ्यासक्रम आला तिथल्या कित्येक संघांनी तो मोसम सोडूनच दिला, आणि जिथे नौदलाचा आला तिथे दुसऱ्या कॉलेजांचे तयार गडी आयते येऊन पडले. इलिनॉय विद्यापीठाचे खेळाडू पर्ड्यू विद्यापीठाकडून खेळले आणि पर्ड्यू वर्षभर हरलं नाही. एमिल सिटको नोटर डेमचा विद्यार्थी, नौदलात गेला, ब्लूजॅकेट्सकडून खेळला आणि युद्धानंतर परत नोटर डेमच्या संघात!

आपल्याकडे राखीव गड्याला 'बदली खेळाडू' म्हणतात. इथे सगळा संघच बदलीवर आलेला.

हे मला एवढं का चिकटलं ते ठाऊक आहे. बाबा खात्याच्या कबड्डी संघात चढाईला जायचे. एका वर्षी उपांत्य फेरीच्या आदल्या दिवशी बदलीची ऑर्डर हातात पडली. दोन दिवस थांबू द्या म्हणून विनवलं, साहेब ऐकेनात. आईने ट्रंक भरायला घेतली तर तळाशी संघाची बनियन, पाठीवर सात नंबर. ती तिने वर ठेवली, बाबांनी परत तळाशी घातली. मी तेव्हा दुसरीत होतो. एवढंच आठवतं.

समोरच्या मुलाला १९४३ ची गोष्ट सांगून पाहिली. "कूल, सर," म्हणाला आणि आईला फोन लावला. पुढचं पोस्टिंग कुठे ते अजून कळलेलं नाही, हे तिला तीनदा सांगत होता.

रात्री साताऱ्याला फोन केला. तिकडे सकाळ, बाबांचा चहा चाललेला. त्यांना नोटर डेमच्या अँजेलो बर्टेलीचं सांगितलं. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचं डोकं. सहा सामने जिंकून दिले आणि ऐन मोसमात मरीन कोअरचं, म्हणजे सागरी लढाऊ दलाचं, बोलावणं आलं. उरलेले चार सामने जॉनी लुजॅक नावाच्या पोराने सांभाळले. वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हाइझमन ट्रॉफी तरीही बर्टेलीलाच मिळाली, पण तोवर तो मरीनच्या पॅरिस आयलंडवरच्या प्रशिक्षण छावणीत दाखल झाला होता.

बाबा थोडा वेळ गप्प. बशीचा आवाज आला.

"ऐन मोसमात बदली? मग जॉइनिंग टाइम किती दिला रे त्याला?"