४४चे पाइप, ६३चा कलेक्टर आणि साडेचार हजारचा खड्डा

खड्डा सापडला! साडेचार हजार आरपीएमला गाडीची ओढ एकदम बसते ना, तो. म्हणजे अर्धाच सापडलाय, पण दोन महिने डोकं खाल्ल्यावर अर्धा पण लय झाला.

मागचं आठवत असेल तर आपल्या टाइप टू व्हीटेक होंडा सिटीवरचा ३८ मिमीचा ४-२-१ हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणारे चार पाइप, आधी दोन आणि मग एक होणारे) काढून मी हौसेनं ४४.५ मिमीच्या पाइपांचा ४-१ चढवला, म्हणजे चारी पाइप एकदम एकात, आणि ते जिथं मिळतात तो कलेक्टर ६३चा. आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसली, आणि ड्रॅगीवर (वेळ मोजायचं जीपीएस यंत्र) पहिल्या ६० फुटाला आकडा काय, तर २.४७ सेकंद. जुन्या हेडरवर २.३६ होता. वर सात हजारला गाडी ओढायची झकास, पण लाँचला, म्हणजे जागेवरून सुटताना, आणि दुसरा गिअर टाकल्यावर आरपीएम साडेचार हजारला पडला की एक सेकंद गाडी श्वासच घ्यायची नाही.

आधी वाटलं फ्युएल. वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) तिथं लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त दाखवत होता, एक भाग पेट्रोलला १४च्या वर हवा. मॅपमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या तक्त्यात) पेट्रोल वाढवलं, अजून लीन, परत वाढवलं, आणि प्लग काढले तर काजळीनं काळेकुट्ट! मिश्रण लीन आणि प्लग मात्र जादा पेट्रोलनं काळे, हे गणित जमतच नव्हतं. उद्यमनगरातले आमचे मिस्त्री प्लग हातात फिरवत म्हणाले, "मालक, मीटर खोटं बोलतंय, प्लग न्हाई." मग सायलेन्सरच्या तोंडाला फडकं गुंडाळून ब्लोअर लावला आणि सगळ्या जॉइंटवर साबणाचं पाणी मारलं, तर तीन नंबरच्या पाइपच्या स्लिप जॉइंटला (एकात एक सरकवलेला सांधा) फसाफसा बुडबुडे. सेन्सर त्याच्या पुढं कलेक्टरमध्ये, म्हणजे दोन पल्समधल्या ओढीनं तिथून बाहेरची हवा आत यायची आणि सेन्सर बिचारा लीन म्हणायचा. दोन रविवार आणि किती लिटर पेट्रोल गेलं ते विचारू नका. चूक पाइपची होती: ऑनलाइन मागवलेले मँड्रेल बेंड (न चेपता वाकवलेले पाइप) १.५ मिमी जाडीचे म्हणून आले आणि व्हर्निअर लावला तर १.२, त्यामुळं स्लिप ढिली. दुकानाचं नाव घेत नाही, पण आता एसएस ३०४ स्टेनलेसचा पाइप समोर मोजूनच घेणार.

जॉइंट टिग वेल्डिंगनं बंद केला, मॅप जुन्यावर नेला. खड्डा थोडा उथळ झाला, पण गेला नाही.

मग वही काढली. एका सिलेंडरचे ३७३ सीसी म्हणजे २२.८ घन इंच. पाइपचं आतलं क्षेत्रफळ चौरस इंचात, गुणिले ८८,२००, भागिले हे २२.८, की टॉर्कचा पीक साधारण कुठं बसेल ते कळतं. दीड मिमीची भिंत धरून ३८च्या पाइपला ५८०० आरपीएम, ४१.३ला ६९००, आणि माझ्या ४४.५ला? आठ हजारच्या वर! माझा लिमिटर, जो इंजिनाला वर जाऊच देत नाही, तो ७४००ला आहे राव. मोठ्या पाइपात गॅस आळशी होतो, ओव्हरलॅपला (इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे असताना) सिलेंडर रिकामा करायला जी ओढ लागते ती मधल्या आरपीएमला मिळतच नाही. त्यात आपल्या सिंगल कॅममध्ये व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी यंत्रणा) फक्त इनटेकला, एक्झॉस्टचा लोब (व्हॉल्व्ह दाबणारा कॅमचा उंचवटा) खालपासून वरपर्यंत एकच, त्यामुळं तिकडून पण मदत नाही.

कलेक्टरचा हिशेब तर अजून वाईट. पाइपचा आतला व्यास गुणिले १.३ धरला तरी ४४च्या पाइपांना ५४-५५ पुरतो, मी घातलाय बाहेरून ६३, आतून ६०. चारी पाइप एकदम खोलीत उघडल्यासारखे.

नवीन हेडर बनवायच्या आधी एक स्वस्त टेस्ट सुचली. मिस्त्रींनी लेथवर ६०चा ५० होणारा एक शंकू काढला, तो कलेक्टरच्या शेवटाला फ्लँजमध्ये अडकवला, बाकी काहीच हलवलं नाही. साखर कारखान्याच्या यार्डातल्या काँक्रीटवर पाच रन मारले (परवानगी काढून, हंगाम बंद असताना). ६० फूट २.४१, आणि २०१ मीटर ९.६१ वरून ९.४४! जुन्या हेडरचा बेस्ट ९.५२ होता. एका शंकूवर! दुसरा टाकल्यावर गाडी आता फक्त एकदा ढेकर देते आणि पळते. मिस्त्रींनी शंकूचे पैसे घेतले नाहीत, नुसता चहा.

तर प्लॅन होता ४१.३चा नवीन ४-१, पाइप ६६ सेंमी (एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बीडीसीच्या, म्हणजे पिस्टन तळाला पोचायच्या ६० अंश आधी उघडतो, ७००० धरून), ५०चा मर्ज कलेक्टर (पाइप निमुळते होत एकात मिळतात तो), आणि यावेळी पाइप गोलात १-३-४-२ असे फायरिंगच्या क्रमानं लावायचे. पण लिहिता लिहिता वाटतंय की पहिले २०-२५ सेंमी ३८ ठेवून पुढं ४१.३ केला तर? स्टेप हेडर. पोर्ट तसाही छोटाच आहे, पोर्टला लागून एकदम मोठा पाइप कशाला. वेल्ड चार वाढतील, मिस्त्री शिव्या देतील, देऊ देत.

कलेक्टरची लांबी मात्र अजून अधांतरी. जुनी ड्रॅगवाली ट्रिक करणार आहे: लांबच लांब एक्स्टेंशन लावून बाहेरून साध्या रंगाचा पट्टा ओढायचा, फुल रन मारायचा आणि रंग जिथपर्यंत जळला तिथं कापायचं. हे सगळं दिवाळीच्या आत, कारण एकदा कारखाना पेटला आणि उसाच्या ट्रॉल्या आल्या की माझा रस्ता गेला मार्चपर्यंत. ४१.३चे बेंड कुणाकडं पडून असतील तर सांगा, तीन कमी पडतायत.