रात्रीचा परका डॉक्टर

इंग्लंडात आम्हा जीपींचे, म्हणजे फॅमिली डॉक्टरांचे, दवाखाने संध्याकाळी साडेसहाला बंद होतात, ते सकाळी आठला उघडतात. मधल्या वेळात आणि शनिवार-रविवारी पेशंटने १११ या सरकारी आरोग्य हेल्पलाइनला फोन करायचा. सरकारी आरोग्यसेवेशी झालेल्या २००४ च्या करारानंतर दवाखान्यांना ही रात्रीची जबाबदारी सोडायची मुभा मिळाली. डॉक्टरमागे वर्षाला साधारण ६,००० पौंड कमी घ्यायचे आणि निवांत झोपायचं. बहुतेकांनी झोप पत्करली. त्यांच्या वाटच्या रात्री मग माझ्यासारखे, घराचे हप्ते फेडणारे, पाळीवर काढतात.

डिसेंबरातला शनिवार होता. लिंकनशायरच्या सपाट शेतांमधून ड्रायव्हर गाडी हाकत होता आणि मी मांडीवरच्या लॅपटॉपवर पुढचा कॉल वाचत होतो. वय ८१, कॅन्सर, शेवटचे दिवस, घरीच मरण्याची इच्छा. 'खूप अस्वस्थ. इंजेक्शन हवं आहे.' एवढंच.

मिरजेत बाबांची प्रॅक्टिस होती. रात्री दार वाजलं की नुसत्या खोकल्यावरून कोण आलंय ते ते ओळखायचे. माझ्याकडे चार ओळी होत्या.

आजोबा पलंगावर तळमळत होते, पांघरूण ओढून फेकत होते. बोलणं असंबद्ध. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, त्यांना शांत करा. बघवत नाही." कपाटात औषधांचा डबा तयार होता. अशा पेशंटच्या घरी तो आधीच ठेवलेला असतो: दुखण्यावर मॉर्फिन, शांत करायला मिडॅझोलॅम, उलटीचं, घशातली घरघर कमी करायचं. मी मिडॅझोलॅमचं अँप्यूल उचललं आणि सवयीने लेबल मोठ्याने वाचलं. २००८ मध्ये केंब्रिजशायरमध्ये जर्मनीहून आलेल्या एका बदली डॉक्टरने मुतखड्याच्या कळांवर डायमॉर्फिन हे मॉर्फिनच्या जातीचं औषध १०० मिलिग्राम दिलं, नेहमीच्या दहापट, आणि पेशंट दगावला. तेव्हापासून रात्री काम करणारे आम्ही लेबलं जरा जास्तच वाचतो.

वाचता वाचता लक्ष गेलं, आजोबांचा हात सारखा ओटीपोटाकडे जात होता. मी अँप्यूल खाली ठेवलं. पोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत ताणलेला गोळा, वर बोट ठोकलं की भद्द आवाज. "लघवी कधी झाली?" आजी गोंधळल्या. सकाळी? की काल? मॉर्फिनने लघवी अडू शकते, त्यात बद्धकोष्ठ असेल तर आणखीच. हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं. तरी मी सुई भरायला निघालो होतो, कारण स्क्रीनवर 'अस्वस्थ' लिहिलं होतं.

लघवी काढायची नळी, कॅथेटर, माझ्या बॅगेत नव्हती. घरोघरी जाणाऱ्या रात्रपाळीच्या डिस्ट्रिक्ट नर्सला यायला ४० मिनिटं लागली. त्या ४० मिनिटांत मुलाने मला तीनदा विचारलं, "नुसते बसलात काय?" त्याचा राग रास्तच होता. नर्सने नळी घातली, ९०० मिली लघवी निघाली. आजोबांचे खांदे सैल पडले. थोड्या वेळाने डोळे उघडून त्यांनी बायकोकडे चहा मागितला. चमच्याने दोन घोट घेतलेही.

निघताना मुलाने विचारलं, "उद्या रात्री तुम्हीच याल ना?"

"नाही. उद्या दुसरं कुणीतरी असेल."

कंप्युटरवर नोंद केली होती, पण त्यांचा डॉक्टर ती सोमवारी वाचणार. म्हणून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अस्वस्थ झाले तर आधी नळी आणि पोट तपासा', आणि तो डब्याच्या झाकणावर चिकटवला. ड्रायव्हरने गाडी सुरू करून ठेवली होती. पुढचा कॉल १२ मैलांवर, एका पोराचा कान दुखत होता.